लूज

३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोच माझ्याकडे बघून पहिल्यांदा ‘लूज!’ म्हणून ओरडला, त्या क्षणी सगळं बदललं. एवढ्या लांब परदेशात मोटोक्रॉस शिकायला आलो, ते ‘तू हरणार’ असं ऐकायला? प्रत्येक वळणावर तेच. काल हेल्मेट आपटलं आणि सरावातून निघून आलो.

चुकतंय माझंच म्हणा. घरचा ट्रॅक कडक, मोटरसायकल दामटली की झालं. इथे वाळू. फेरीगणिक चाकोऱ्या खोल होतात, गाडी अंगाखालून निसटते. मी जीव खाऊन हँडल धरतो आणि अर्ध्या शर्यतीत हातांचे दगड होतात. महिनाअखेरीच्या निवड शर्यतीत टीममध्ये जागा मिळाली नाही, तर बाबांना दिलेल्या शब्दाप्रमाणे परत कॉलेजात बसायचं!

एकच सुख, तिसऱ्या उडीपाशी एक झेंडेवाली उभी असते. मी पडलो की पिवळा झेंडा दाखवायचं तिचं कामच आहे, पण इतक्या प्रेमानं कुणी हलवत नाही गं.

बॅग भरू का? लोभ उरला असेल तर लगेच कळव.

तुझा,
भडक्या

१४ मे

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

पत्र ऐकून बाबा हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. अरे दीडशहाण्या, जाताना पँट लूज होते म्हणून माझ्याकडून टाचून घेतलीस ना? तोच लूज! हात सैल सोड म्हणतोय तो बिचारा. सायकल शिकतानाही हँडल असं आवळायचास, की घंटी वाजवायला बोट मोकळं नसायचं.

आणि प्रेमानं हलवते म्हणे! मागच्यांनी तुला तुडवू नये म्हणून हलवते ती.

कोचची माफी माग. राग सोड, हँडल सैल सोड, आम्हाला मात्र घट्ट धरून ठेव.

तुझी,
ताई

३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घेतलं! टीममध्ये घेतलं!

माफी मागताना कोचला सगळं सांगितलं, तर तो डोळे पुसेपर्यंत हसला. मग त्यानं शिकवलं, की उभा राहा, गाडी गुडघ्यांनी धर, हातात पाखरू आहे असं समज; वाळूत गाडी नाचणारच, नाचू दे. आधी खूप आपटलो. मग एका सकाळी ती नाचली आणि मी तिच्याशी भांडलोच नाही. आज शर्यत संपली तरी बोटं मोकळी होती. टीमनं माझं नावच ‘लूज’ पाडलंय. बाबांना म्हणावं, कॉलेजातला तो बाक आता दुसऱ्या कुणाला द्या.

माझ्यावरचा लोभ मात्र लूज पडू देऊ नकोस.

तुझा,
लूज

ता. क. आज झेंडा उचलावाच लागला नाही, करमलं नाही, अशी तक्रार झेंडेवालीनं केली. कॉफीला चल म्हणालीय. आरशासमोर कॉलरची गुंडी गळ्यापर्यंत आवळली होती, ती सोडली. खाली हॉर्न वाजतोय. पत्राचं पाकीट खिशात घालतो, हे दार ओढतो आणि निघतो.