उलटी बिडी

प्रिय डिंपल,

सानगडीत धानाची कापणी सुरू झाली आहे. तलावाकडच्या बांधीत अजून चिखल आहे, म्हणून ती मागे ठेवली. तुझी आई बरी आहे. सकाळची कामं उरकली की सूप मांडीवर घेऊन ओसरीत बसते आणि बिड्या वळते. "आता पुरे कर," म्हटलं तर म्हणते, "हात रिकामा राह्यला का दुखते, तुमी आपली कविता म्हणा." मग मी शाळेतली एखादी कविता चालीवर म्हणतो आणि तिची बोटं त्या तालावर चालतात. काल म्हणता म्हणता मधलं कडवंच विसरलो. डोळ्यांपुढे तुझे हात आले होते.

लहानपणी तू त्याच सुपाशेजारी बसून अभ्यास करायचीस. बिडीचं एक टोक निमुळतं, दुसरं रुंद. बिड्यांची जुडी, म्हणजे कट्टा, बांधताना सगळ्यांची तोंडं एकीकडे हवीत. एखादी उलटी निघाली की बिड्या मोजून घेणारा सट्टेदार अख्खा कट्टा नापास म्हणून छाटीत फेकायचा आणि वर सगळ्या बायांसमोर विचारायचा, "काहो निर्मलाबाई, झोपेत बांधता का?" ते तुझ्या आईला फार टोचायचं. म्हणून तुला सारखी म्हणायची, "तोंड पाह्य पोरी, तोंड!" पुढे पुढे तू पाहतही नव्हतीस. नजर पुस्तकात, तोंडाने पाढे, आणि उलटी बिडी बोटांनीच ओळखून सुलटी केलेली. मला केवढं कौतुक वाटायचं.

दसऱ्याला तुमच्या बिडी कारखान्यात मशीनची पूजा होती, घरच्यांनाही बोलावलं होतं. तू मला हात धरून आत नेलंस. काय ते यंत्र! वर पेरणीच्या तिफणीला असतं तसं चाड्यासारखं पसरट तोंड, त्यात वळलेल्या बिड्यांचा ढीग ओततात. खाली थाळी थरथरते आणि आडव्यातिडव्या पडलेल्या बिड्या शहाण्या मुलांसारख्या रांगेला लागतात. मग खाचांचा रूळ एकेक बिडी खाचेत घेऊन फिरतो आणि पट्ट्यावर ठेवतो. मला तर वृत्तच आठवलं, लघु-गुरू आपापल्या जागी बसलेले. तू सांगत होतीस, "उलटी आली तर पुढं हवेचा झोत तिले उडवून देते बाबा, आपल्याले काही करा लागत नाही." आणि हे सांगता सांगताच रुळापाशी एक उलटी बिडी आली आणि तुझा हात आत गेला. तिला सुलटी करून बाहेरही आला. तुला कळलंसुद्धा नाही. मी ओरडलो, तर हसलीस. "काहून घाबरून राहिले बाबा? रोजचंच आहे."

त्या रुळावर जाळीचं झाकण असतं म्हणे. हार घालता यावा, हळदकुंकू वाहता यावं म्हणून पूजेला ते काढलं. पूजा झाली, हार सुकला, झाकण मात्र, तूच फोनवर सांगितलंस, अजून भिंतीला टेकूनच आहे. त्याच्याशिवाय पानाचा चुरा झटकायला सोपं जातं, असं तुमचा सुपरवायझर म्हणतो. त्या दिवशी प्रसादाचा शिरा हातात घेऊन मी त्या भिंतीकडेच बघत होतो.

तू म्हणतेस, मी लक्ष देऊन काम करते. पोरी, इथे लक्षाचा प्रश्नच नाही. कोणी कविता म्हणताना एक मात्रा चुकली की माझं तोंड आपोआप उघडतं. तुळशीरामच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकाची ओळ घसरली, तर हातात अक्षता धरून मी भर मांडवात ती दुरुस्त केली. तुझी आई अजून टोमणे मारते. मी ठरवून गप्प राहू शकत नाही, तसा तुझा हात ठरवून थांबणार नाही. तो आईने वळण लावलेला हात आहे, त्याला रूळ कळत नाही, फक्त उलटी बिडी कळते. दसऱ्यापासून गरगर फिरणारं काहीही दिसलं, साधं सायकलचं चाक दिसलं, तरी मी आपला हात मागे घेतो. घास उचलतो तर माझ्या बोटांच्या जागी तुझी बोटं दिसतात. आईला काही बोललो नाही. ती वळत असते आणि मी तिच्याकडे बघत नाही.

काल मनिषरावांचा फोन आला. तू त्यांना शपथ घातली होतीस, पण त्यांच्याने राहवलं नाही. रुळाने तुझा हातमोजा ओढून नेला; सैल होता म्हणून हात सुटला. आणि तू नवऱ्याला काय सांगितलंस? "बाबाले सांगू नका, ते कविता सोडून रडत बसतील." बसलो रडत. मग आज सकाळच्या गाडीने निघालो. परक्या माणसाला आत सोडत नाहीत; पण गेटवरचा चौकीदार राजकुमार आपल्याच गावचा. त्याला सांगितलं, डिंपल दुपारच्या पाळीला आली की आत पाय टाकायच्या आधी हे तिच्या हाती दे. समोर उभं राहून मला बोलता आलं नसतं, तुझ्या मैत्रिणींपुढे रडलो असतो. म्हणून इथे बसून धान, आई, कविता असं सगळं मुद्दाम लांबवत लिहिलं. जोवर वाचत होतीस, तोवर तुझे दोन्ही हात कागदावर होते. आता वर बघ. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी मी उभा आहे. घंटा झाली तरी होऊ दे. ते झाकण बसेपर्यंत आत जाऊ नकोस, इकडे ये.

तुझाच,
बाबा