हजर धरलेला माणूस

चिरंजीव इंद्रभानले आजीचा आशीर्वाद.

जऊळक्याच्या आपल्या नव्या तेलगिरणी कंपनीचा तू डायरेक्टर हायेस, हे ध्यानात हाय, का नागपुरात तेबी इसरला? तू येत नाही, मीटिंगले माणसं कमी पडतात. मंग कोरम भराले गिरणीच्या पट्ट्यात सापडून मेलेल्या डायरेक्टर जगदेवची रिकामी खुर्ची हजर धरतात.

काल थोच पट्टा जाळी न लावता पुन्हा सुरू करायचा ठराव आला. माह्याबिगर सगळ्याईनं हात वर केले. तवा जगदेवची खुर्ची मागं सरकली, अन् दारापर्यंत पावलं वाजली.

म्या म्हटलं, "हजर धरलेला माणूस उठून गेला. आता कोरम नाही, ठरावबी नाही."

सगळ्याईचे हात खाली आले. पट्टा बंदच हाय.

तुह्यानं येणं होत नसन, त संत्र्याची बर्फी पाठव. पुढच्या मीटिंगले जगदेव त येईनच.

तुही आजी,
दुर्गाबाईचा अंगठा