साहेबी गाडीचा मागचा सांधा

मी, दयाराम बुधाजी कडू, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी होड्या बांधण्याचा व आता मोटारींना लाकडी बॉडी चढवण्याचा, राहणार पनवेल, जिल्हा कुलाबा, आज सोमवारी सकाळी पूर्ण शुद्धीवर असताना हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणील असा माणूस या तालुक्यात अजून जन्मायचा आहे. छातीत दोनदा कळ येऊन गेली. डॉक्टर म्हणाले, जिना चढू नका, घाट चढू नका, संतापू नका. पहिल्या दोन गोष्टी मी पाळतो.

माझी मुलगी भामा हिचे फलटणहून आलेले पत्र दौतीखाली दाबून ठेवले आहे. ती येत्या गुरुवारी नवरा आणि दोन पोरांसह शिमग्याला इकडे निघते आहे, मी बांधलेल्या गाडीतून. त्या गाडीत दोष आहे. हे माझ्याखेरीज फक्त एका माणसाला ठाऊक आहे आणि त्याचे तोंड मीच बंद केले. ते कलम पाचपासून सातपर्यंत येईल. आधी सोपे ते उरकतो.

कलम १. राहते घर, परसातील विहीर, दोन फणस आणि पोस्टात असेल ती शिल्लक माझी पत्नी सत्यवती हिची. कोणी हिस्सा मागायला आला तर तिने दार लावून घ्यावे. तिने माझ्याबरोबर चाळीस वर्षे काढली, हिस्सा मागणाऱ्याने चाळीस दिवस काढून दाखवावेत.

कलम २. माझा चुलतभाऊ बुधा याला माडीवरचे जुने वल्हे द्यावे. मी होड्यांचे काम सोडून मोटारींच्या मागे लागलो तेव्हा हा बंदरावर चार लोकांत म्हणाला होता, "होडीला चाकं लावतोस, आता वल्हं पन लाव." बारा वर्षे ऐकून घेतले. आता घे म्हणावे वल्हे, आणि बस वल्हवत.

कलम ३. पळस्पे नाक्यावरील कारखाना, त्यातील भट्टी, लाकडाचा साठा आणि तिन्ही नमुन्यांचे फर्मे कोणाला, ते पुढे लिहितो. पण घेणाऱ्याला आपण काय घेतो ते कळावे म्हणून तिन्ही गाड्यांची हकीकत आधी.

पहिला नमुना बाजारी, सन १९४७. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात मोटारींचे नुसते सांगाडे निघाले. तीन उचलले. पुढचा भाग होता तसा ठेवला आणि पाठीवर सागाचा सांगाडा, वर कॅनव्हासचे छत. पुढे तिघे, मागे आठ मण माल. मागचे दार एकच, खाली पडणारे. मिठागरवाल्यांनी आणि भाताच्या व्यापाऱ्यांनी डोळे झाकून घेतली.

दुसरा नमुना डॉक्टरी, सन १९५१. मधली बैठक दुमडली की सहा फुटांचा आजारी माणूस सपाट निजतो. मागचे दार दोन भागांचे, वरचा वर उघडतो आणि खालचा खाली. छत लाकडी पट्ट्यांचे, त्यावर तेलकापड. दोन्ही बाजूंना सरकत्या काचा. अशा सहा गाड्या बांधल्या. अलिबागच्या एका डॉक्टरांनी तीत चार बाळंतिणी नेल्या आणि पाचवी तीतच बाळंत झाली. ते पोर आता शाळेत जाते.

तिसरा नमुना साहेबी, सन १९५५. ही माझी खरी गाडी. लांबी साडेचौदा फूट, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर नऊ फूट, मागचे दार चव्वेचाळीस इंच रुंद. सांगाडा जुन्या ब्रह्मी सागाचा, मधल्या फळ्या शिसवी, सात हात पॉलिश. आत चामड्याच्या गाद्या, खिडकीला पडदे, छत्री अडकवायला पितळी कडी. आणि सगळ्यांत मागे, दाराकडे तोंड करून, दोन माणसांची उलटी बैठक. कारखान्यांचे मॅनेजर, इंजिनीअर असले लोक सारा संसार घेऊन फिरतात, त्यांच्यासाठी ती डोक्यातून काढली. पोरांना तीच आवडते. मागे पळणारा रस्ता बघत बसतात. अशा फक्त चार बांधल्या.

कलम ४. कारखान्यातला रंगारी आनंदा याने फिकट पिवळा रंग कसा कालवायचा हे मला कधी सांगितले नाही. त्याला माझी सायकल द्यावी. रंग त्याच्याजवळच राहू दे.

कलम ५. आता सांध्याविषयी.

माझे वडील बुधाजी नाखवांच्या होड्या बांधत. त्यांनी शिकवले की फळीच्या सांध्यात नखभर फट ठेवायची, खळ लावायची नाही, लोखंड ठोकायचे नाही, बाभळीची खुंटी मारायची आणि सोडून द्यायचे. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगते आणि सांधा स्वतःच आवळून घेतो. खाऱ्या हवेत लोखंड कुजते, खुंटी कुजत नाही. त्यांची एकही होडी सांध्यात उघडली नाही. मी मोटारी तशाच बांधल्या. पनवेलच्या हवेत त्या लोण्यासारख्या बसल्या. बाजारी आणि डॉक्टरी गाड्या आजही कुरकुरत नाहीत, कारण त्यांच्या मागच्या दारावर कोणी बसत नाही.

साहेबी गाडीत उलट्या बैठकीचा सारा भार मागच्या खांबांवर आणि दारावर येतो. खांबाचे कुसू, म्हणजे तासून बारीक केलेले टोक, खालच्या पट्टीच्या खाचेत बसते, तिथेच मी नखभर फट ठेवली. घाटावर पाणी नाही, दमट हवा नाही. तिथे लाकूड फुगत नाही, आक्रसते. नखाची फट बोटाची होते, खुंटी सुटते. होडी बांधणाऱ्याच्या डोक्यात ही गोष्ट येत नाही. माझ्या नाही आली.

जैतूच्या आली. जैतू वाघमारे, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतला, माझ्याकडे खुंट्या मारायच्या कामाला होता. त्याने घाटावर कोळशाच्या भट्ट्यांवर अनेक उन्हाळे काढले होते, साग तिकडे कसा तडकतो ते त्याने पाहिले होते. पहिली साहेबी गाडी जोडताना तो म्हणाला, "शेट, ह्यो सांधा वर सुकल. लोखंडाची पट्टी मारा."

मी सर्वांसमोर म्हणालो, "कोळसे पाडणाऱ्याने मला सांधा शिकवायचा का रे?"

लोक हसले. तोही हसला, कारण न हसून सांगतो कोणाला.

कलम ६. सन १९५७ च्या मे महिन्यात ती पहिली गाडी खंबाटकीचा चढ चढत होती. उलट्या बैठकीवर गाडीच्या मालकांची स्वयंपाकीण सोनाबाई बसली होती. दार खांबासकट निघाले. सोनाबाई रस्त्यावर पडली आणि जागीच गेली.

गाडी ओढून आणली तेव्हा मी सांध्यात बोट घातले. बोट आत गेले. मला तिथेच सगळे कळले. मागाहून नाही, तिथेच.

चौकशीत मी सांगितले की सांधा बिनचूक होता, जैतूने खुंट्या मारल्याच नाहीत. तशा कबुलीच्या कागदावर त्याचा अंगठा उठवून घेतला. कागदावर काय आहे हे त्याने विचारले, मी म्हणालो, हजेरीचा आहे. माझे जावई शिवराम, पाटबंधाऱ्याचे ओव्हरसियर, सचोटीचा माणूस, त्यांनी माझ्या शब्दावर साक्ष दिली की सासऱ्यांच्या कामात खोट असणे शक्य नाही. जैतूला तीन महिन्यांची सजा झाली. त्याची बायको सोमी तेवढे दिवस पोटुशी असताना वीटभट्टीवर विटा वाहत होती. ते मूल वाचले नाही.

हे आजवर कुठे लिहिले नव्हते. आता लिहिले.

कलम ७. दुसरी आणि तिसरी साहेबी गाडी पेण आणि अलिबागला आहेत. "फुकट पॉलिश करून देतो" असे सांगून मी त्या बोलावल्या आणि गुपचूप लोखंडी पट्ट्या मारल्या. चौथी मी भामाला लग्नानंतर काही वर्षांनी दिली. ती महाडच्या दमट हवेत होती तोवर मी निर्धास्त होतो. जानेवारीत जावयांची बदली घाटावर फलटणला झाली. मी दोन पत्रे घातली, गाडी पॉलिशला पाठवा. जावयांनी लिहिले, तुमची गाडी आहे, तिला काय धाड भरली आहे, शिमग्याला येऊ तेव्हा बघू. आणि भामा लिहिते की मागचे दार हल्ली टकटक करते, गोदूला त्याची गंमत वाटते. गोदू माझी नात, सात वर्षांची. भामाचेच शब्द आहेत, "ती पुढे बसतच नाही, उलटी बैठक तिच्या नावाची."

म्हणून मी लिहून ठेवतो की ~~माझ्या मृत्यूनंतर~~ हे कागद जावयांना दाखवावेत, गाडी ताबडतोब थांबवावी, आणि जैतूवरचा आळ खोटा होता हे सर्वांना सांगावे. (खोडलेले शब्द मीच खोडले. कारण कलम ९ मध्ये. द. बु. कडू)

कलम ८. कारखाना, फर्मे, आणि माझ्या वडिलांची हत्यारे, म्हणजे वाकस, पटाश्या, गिरमिट आणि दोन्ही रंधे, जैतू बाळू वाघमारे याला. यावर कोणी हरकत घेतली तर कलम सहा मोठ्याने वाचावे.

इथे मी पूर्णविराम देऊन सही करणार होतो.

कलम ९. साक्षीसाठी काशिराम मास्तरांना आणि आनंदाला बोलावले होते. जैतूलाही निरोप होता, तो ओटीवर खाली बसला, वर बस म्हटले तरी बसला नाही. मास्तरांना म्हणालो, कायद्याचे शब्द तेवढे तपासा. ते सातव्या कलमापर्यंत आले आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"दयारामशेट, हे उघडायचं केव्हा?"

"मृत्युपत्र आहे, मास्तर. मेल्यावर."

"आणि पोरं गुरुवारी निघणार. तुम्ही बुधवारपर्यंत मरण्याची सोय केली आहे का?"

मला राग आला. मी मेजावर हात आपटला, दौत सांडली, या कागदाच्या कोपऱ्यावरचा डाग तिचाच. मी म्हणालो, तुम्हाला साक्षीला बोलावलंय, उलटतपासणीला नाही. सत्यवती आतून आली. तिला वाचता येत नाही. तिने मास्तरांना विचारले, काय लिहिलंय? मास्तर माझ्याकडे बघू लागले. मीच सांगितले. उभ्याउभ्या, सगळे.

ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "अवो, दोन वर्सं तुमी माज्या हातचं जेवलात, आनि गोदूला त्या बैठकीवर बसलेली बघितलीत."

मी खरे काय ते लिहितो. मला लाज वाटत होती म्हणून मी मरणाची वाट धरली होती. मेलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी थुंकत नाही, हा माझा हिशेब होता. त्या हिशेबात माझी नात बसत होती, तरी मी तो मांडला. थू माझ्या जिनगानीवर.

जैतू ओटीवरून म्हणाला, "शेट, ती गाडी जागची हलवू नुको म्हनावं. हितं आनायची नाय. तिकडंच पट्टी मारायची."

"तू येशील?"

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "येन. तुमच्यासाठी नाय. तुमच्या कारखान्यासाठी पन नाय. ते कागद तुमी मेल्यावर बगू. पन आदी नाक्यावर चला आनि मानसांफुडं बोला, का खुट्या ह्या जैतूनं मारल्या व्हत्या."

मी गेलो. हे कलम तिथून परत आल्यावर लिहितो आहे. पळस्पे नाक्यावर, कारखान्याच्या दारात, अकरा कामगार आणि चहावाल्याकडची गिऱ्हाइके यांच्यासमोर मी म्हणालो की खुंट्या जैतूने मारल्या होत्या, सांधा माझा चुकला, सोनाबाई माझ्यामुळे गेली, आणि जैतू माझ्या खोट्या शब्दामुळे तुरुंगात गेला. कोणी थुंकले नाही. एकाने जैतूला बसायला खोके दिले आणि तो त्यावर बसला.

कलम १०. आज दुपारच्या एस.टी.ने मी आणि जैतू फलटणला निघतो. बरोबर चार लोखंडी पट्ट्या, सोळा बोल्ट, गिरमिट. घाट चढू नका असे डॉक्टरांनी सांगितले आहे, ते मोडतो. वाटेत मला काही झाल्यास जैतूने थांबू नये, पुढे जावे. माझे प्रेत कुठे जाणार आहे? गाडी मात्र गुरुवारी निघेल.

कलम ११. माझ्या अंत्यविधीत जैतूला खांदा द्यायला कोणी सांगू नये. त्याला वाटले तर देईल.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून दाखवले, आणि ज्यांना ऐकायला हवे होते त्यांनी मी जिवंत असताना ऐकले.

सही: दयाराम बुधाजी कडू

साक्षीदार:
१. काशिराम पदू ठाकूर, निवृत्त शिक्षक, पनवेल
२. आनंदा राघो भोईर, रंगारी, पळस्पे
(जैतू वाघमारे हजर होता. ज्याला मिळकत द्यायची त्याची साक्ष घेऊ नये असे मास्तर म्हणाले. अंगठा तर त्याने मुळीच दिला नसता, आणि मी मागितलाही नाही.)

मुक्काम पनवेल, सोमवार, तारीख १६ मार्च १९५९

सहीनंतरची नोंद. एस.टी. सुटायच्या आधी मास्तर तार करायला पोस्टात निघाले. मजकूर मी सांगितला: "गाडी हलवू नका. मागचा सांधा सुटतो आहे. दोष माझा. जैतूला घेऊन येतो. दयाराम."

मास्तर 'दोष माझा' खोडून म्हणाले, "हे गाळलं तरी चालेल. गाडी थांबवायला त्याची गरज नाही."

मी म्हणालो, "मास्तर, पॉलिशचं सांगून दोनदा बोलावली, आली नाही. जावयांनी माझ्या कामाची शपथ घेतली आहे. ते दोन शब्द नसले तर ते गुरुवारी गाडी काढतील."

त्यांनी ते दोन शब्द पुन्हा लिहिले आणि गेले.