सात वारांच्या सात प्रती

३ मार्च, सोमवार

दादाने पुन्हा मेन स्विच पाडला! स्टुडिओला कुलूप लावताना रोज पाडतो. बॅकअप लावलेला संध्याकाळी आठला — मशीनच बंद, तर प्रत काय भुतं काढणार? म्हणे, "शॉर्ट सर्किट झालं तर?" शेवटी वेळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणली. सात वार, सात प्रती. पुढच्या सोमवारची प्रत आधीच्या सोमवारच्या प्रतीवर बसते. सगळं आपोआप. कोणी बोटं घालू नयेत, एवढंच माझं मागणं आहे.

वहिनीच्या गोष्टी आहेत त्यात. पुढच्या मंगळवारी तिच्या घशाचं ऑपरेशन, आवाज जाणार हे नक्की. म्हणून लेकीसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करून ठेवते आहे.

५ मार्च, बुधवार

गोष्टींचं फोल्डर रिकामं! दादा म्हणतो, "मला काय माहीत?" धसमुसळा नुसता. दुसरं कोण असणार? कालच्या प्रतीतून परत आणल्या.

६ मार्च, गुरुवार

पुन्हा गायब. पुन्हा आणल्या. वहिनीला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना. ती नुसती हसली.

८ मार्च, शनिवार

तिसऱ्यांदा! आज पोरीसमोरच ओरडले दादावर. "तुझ्या बायकोचा आवाज आहे तो, साबणाची जाहिरात नाही!" तो आपला हेडफोनची वायर गुंडाळत बसला. माणूस आहे की ठोकळा! गोष्टी परत जागेवर ठेवूनच निघाले.

१० मार्च, सोमवार

सगळ्या प्रती उडवल्या त्याने. सातच्या सात! फोल्डरही रिकामं. "तेच तेच सात वेळा कशाला? डिस्क भरली होती." डिस्क अर्धी रिकामी आहे. तोंडावर खोटं बोलतो! उद्या ऑपरेशन. पुन्हा वाच म्हणावं, तर वहिनीचा घसा पार बसलाय. दादाचं तोंडही बघायची इच्छा नाही.

११ मार्च, मंगळवार

ऑपरेशन नीट झालं. दादाशी बोलले नाही.

१३ मार्च, गुरुवार

मिळाल्या!! दर रविवारी एक प्रत माझ्या घरच्या डिस्कवर उतरते. मेन स्विचपायी तीही बोंबलली असणार, असं धरून बसले होते. नव्हती बोंबलली! वेळ बदलली तेव्हा तिचीही दुपारची झाली होती. वहिनी घरी आली की सगळ्यांसमोर लावते. मग बघते दादा काय बोलतो ते.

१५ मार्च, शनिवार

वहिनी आली. मी दादावर तोंड सोडलं, तर तिने माझा हात घट्ट धरला आणि मोबाइलवर लिहिलं — "त्यांना बोलू नकोस. पुसत मी होते. प्रत्येक गोष्टीत रडलेय. लेकीने ते ऐकत मोठं व्हायचं? तू रोज परत आणायचीस, म्हणून शेवटी त्यांनाच सातही प्रती पुसायला सांगितल्या."

दादा दारात उभा होता.

डिस्क पर्समध्ये होती. काढली नाही. राग अजून आहे — कोणावर, कळत नाही.

उद्या रविवार. डिस्क घरी परत जोडली आहे. गोष्टींविना नवी प्रत जुनीवर बसेल. बसू दे.