अर्धाच भरलेला कप

प्रिय उन्नती,

‘प्रिय’ दोनदा लिहून खोडलं. तिसऱ्यांदा राहू दिलं, काय करू!

तुझ्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. मुलगा अंबरनाथचा आहे म्हणे, नोकरीवाला, हात न थरथरणारा. मी कोण? प्रॅक्टिकलला परीक्षानळी हातातून सुटली, सर म्हणाले, “सकाळीच पिऊन आलास का?” आणि त्यांची कॉलर धरून कॉलेज सोडलेला सुजित.

तू काम करतेस त्या उल्हासनगरच्या मेंदू-तपासणी सेंटरमध्ये तूच माझ्या केसांत पेस्ट लावून एकेक वायर चिकटवलीस. गुदगुल्या होतात म्हटलं, तर म्हणालीस, “हलू नकोस रे माकडा, रेषा बिघडतात.” मग डोळ्यांसमोरचा तो तपासणीचा दिवा लुकलुकायला लागला आणि तुझी बडबड एकदम थांबली. तेव्हाच कळायला हवं होतं मला. बाहेर आल्यावर विचारलं तर हसलीस, “काही नाही रे, जा घरी.” त्या दिवसापासून तुझा फोन लागत नाही. रिपोर्ट सांगायचा अधिकार तुम्हा टेक्निशियनना नसतो, माहितीये. सोडून जायचा असतो?

मेंदूच्या रेषांत मध्येच उठलेली टोकं डॉक्टरांनी दाखवली. हा फिटचा आजार घराण्यातून येतो, मोठेपणी दिसतो, गोळ्यांनी आटोक्यात राहतो, म्हणाले. घरात आणखी कुणाचे हात थरथरतात, असंही त्यांनी विचारलं. आई म्हणाली, “ह्याच्या बाबांचे.”

बदलापूर गावात बाबांना सगळे बेवडाच समजतात. चहा सांडतो म्हणून आई त्यांचा कप अर्धाच भरते. एकदा ते म्हणाले होते, “मी पीत नाही रे.” मी चारचौघांत हसलो होतो. परवा माफी मागायला गेलो, तर मलाच विचारतात, “गोळी घेतलीस का?”

तुला शिव्या द्यायच्या म्हणून लिहायला बसलो होतो. पण कारण वेगळं आहे. माझी बहीण रोहिणीताई लग्नांत मेंदी काढते ना, परवा तिची रेघ नवरीच्या तळहातावर फिसकटली. कोनच खराब आहे, म्हणाली. आज आईने काही न बोलता तिचाही कप अर्धाच भरला. ताई त्या मशीनला घाबरते. उन्नती असेल तरच येईन, म्हणते. सोमवारी अकरा वाजता तिला घेऊन येतो. मी बाहेर बाकावर बसेन, तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही. फक्त तुझी बडबड मध्येच थांबवू नकोस. आणि तिने विचारलं, तर डॉक्टर सांगतील म्हण. माझ्याकडे बघून हसलीस तसं हसू नकोस.

राग गेलेला नाही, तरी तुझाच,
सुजित