बुडितातला रस्ता

बाबा, तुम्ही केलेला रस्ता यंदा पाण्याखाली जाणार आहे. हे सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

मी शाळेत होतो तेव्हा तुम्ही वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन नाल्याकाठच्या चिखलातून फाट्यापर्यंत जायचा आणि तिथून मोटारीनं देऊळगाव राजाच्या बाजाराला. पाय घसरला की माल ठेचायचा आणि व्यापारी तो बाजूला काढायचा. म्हणूनच विकास ब्लॉकवाल्यांनी रस्त्यासाठी श्रमदानाचं विचारलं तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या आधी उठलात. त्या कामावरची एक सकाळ मला आठवते. मी दगड आडवे मांडतो आहे, कारण आडवा दगड जास्त जागा खातो आणि काम लवकर उरकतं. तुम्ही मागून येता आणि पायानं एक दगड उलटवता.

"हे काऊन असं? दगड उभा बसव, रुंद बूड खाली. आडवा दगड चाकाखाली फिरते."

"कोण पाहते, बाबा?"

"गाडी पाहते."

रस्ता झाल्यावर पहिली गाडीभर वांगी बाजारात गेली, त्या दिवशी तुम्ही मला टाक आणि दौत आणलीत. घरात एक तरी बरोबर लिहिणारा पाह्यजे, म्हणालात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात आणि माझी शाळा सुटली.

त्या बरोबर लिहिण्यावरच मला काम मिळालं. पाऊस झाला नाही, विहिरी आटल्या, दुष्काळी कामं निघाली आणि मी मजुरांची हजेरी लिहायला लागलो. आधी बांधकामवाल्यांची जीप आली. लोकांनी काम मागितलं. तुमचा रस्ता रुंद करून त्यावर खडी टाकायचं ठरलं आणि हिवाळाभर गावानं खडी फोडली. मग पाटबंधारेवाल्यांची जीप आली. लोकांनी त्यांच्याकडेही काम मागितलं आणि नाल्यावर पाझर तलाव मंजूर झाला. एक काम मिळालं हे दुसऱ्या साहेबाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. सांगितलं तर साहेब म्हणतो, तुमचं झालं, आता दुसऱ्या गावाला देऊ. म्हणून साहेब नाल्याकाठी उभे राहून जागा ठरवत होते तेव्हा सगळं गाव गप्प होतं. आणि एका कचेरीनं दुसरीला विचारावं, अशी तर रीतच नाही.

भिंत रस्त्याच्या खालच्या अंगाला आखली. पाणी कुठवर चढेल तिथे चुन्याच्या खुणा मारल्या. त्या खुणांच्या आतल्या जमिनीला बुडीत म्हणतात. खुणा रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या होत्या. माझीच काही चूक होत असेल म्हणून मी पुन्हा चालून पाहिलं. मग पाटबंधारेच्या ओव्हरसियर साहेबांकडे गेलो.

"साहेब, यात रस्ता बुडतो."

"कोणता रस्ता? आमच्या नकाशात रस्ता नाही."

"तुमची जीप उभी आहे तो."

साहेब हसले. "तो त्यांचा. त्यांना सांगा."

मी सायकलनं तालुक्याला गेलो. बांधकामच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "रस्ता झाला, आमचं काम संपलं. तलाव आमचा नाही. अन् काय राव, तुम्ही रस्ता मांगता, पाणी मांगता, दोन्ही भेटलं तं रडता काऊन?" तिथले सगळे हसले. मीही हसलो.

परत येऊन मी ओव्हरसियर साहेबांना म्हटलं, भिंत रस्त्याच्या वरच्या अंगाला घेतली तर दोन्ही राहतील. ते म्हणाले, घेऊ, पण नवी मोजणी, नवी मंजुरी, तोवर काम बंद. हे कामावरच्या बायांनी ऐकलं. शेजारची काकू घमेलं खाली ठेवून माझ्यावर आली. "लय शहाणा झाला का रे? मळ्यात काडी नाही, रस्त्यानं काय नेशीन, धूळ? काम बंद पाडलं तं आम्ही समदे तुह्याच घरी येतो जेवाले." बाया हसल्या. माय त्यांच्यातच उभी होती. ती हसली नाही.

काकूचं खरं होतं. मी पुन्हा साहेबांकडे गेलो नाही. पण मळा पुन्हा पिकेल तेव्हा माल डोक्यावरच न्यावा लागेल, आणि तोही वरच्या माळावरून वळसा घालून.

आता भिंतीच्या आतल्या अंगाला दगड लावायचा आहे. साहेब म्हणाले, तो रस्ता तसाही बुडणार, त्याचाच काढून घ्या. ज्यांनी हिवाळ्यात त्यावर खडी पसरली, तेच लोक आता ती बाजूला सारून खालचे दगड उकरतात. काल माय माझ्यासमोर पहार रेटत होती. बराच वेळ रेटून ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "उभा दगड लवकर निघत नाही, बाप्पा." मी खाली पाहून तिची हजेरी मांडली.

हा कागद मी कलेक्टर साहेबांना अर्ज लिहायला घेतला होता. अर्ज गेला आणि त्यांनी ऐकलं, तर काम बंद पडेल. नाही ऐकलं, तर माझं काम जाईल. म्हणून वर तुम्हाला हाक घातली. तुम्हाला लिहिलेलं कुठे पाठवावं लागत नाही.

एकच गोष्ट राहिली. गावात सगळे आभाळाकडे डोळे लावून बसले आहेत. माय रोज संध्याकाळी दिवा लावून पाऊस मागते. मी तिच्याजवळ हात जोडून बसतो, आणि पाऊस मागत नाही.