तोफांच्या तालमीनंतर

म्हैसूर,
२० सप्टेंबर

सौ. सिंधूताई विहीणबाईंना सुमित्राबाईचा नमस्कार.

इकडे सगळे आपापल्या पायांवर आहेत. तुमच्याकडे पाऊस उघडला असेल, भाऊंचा गुडघाही बरा असेल. फोन सोडून हिला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं वाटेल तुम्हाला. आमच्या घरात हल्ली फोन वाजत नाही. वाजला की तुमची स्पृहा कानांवर उशी दाबून घेते, म्हणून सगळ्यांनी आवाज बंद करून ठेवलेत. आणि हे तोंडाने सांगायला माझा धीर पुरला नसता, तेही खरंच.

फेब्रुवारीत आमचा शरत कामासाठी परगावी गेला होता आणि तिथल्या बाजारात बॉम्ब फुटला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच्या कानाचा पडदा फाटला. ऑपरेशन झालं, भेटायला येणारे झाले, सरकारी माणसंसुद्धा येऊन गेली. आता बऱ्यापैकी ऐकू येतं त्याला. पण त्या वेळी स्पृहा त्याच्याशी फोनवर बोलत होती. फोन त्याच्या हातून उडाला आणि चालूच राहिला. तिकडचं रडणं-ओरडणं ही पोरगी इथे स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती, आणि त्यात शरतचा आवाज नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याचा पत्ता लागेना. तिला साधं खरचटलंही नव्हतं, मग डॉक्टरकडे कोण नेणार? मीही नेलं नाही. शरत आला की होईल बरी, असं म्हणत राहिले.

नाही झाली. झोप गेली. कुकरची शिट्टी झाली की थरथरायची. इथून जवळच कडकोळला नोकरीला जायची, ती सुटली. तुम्हाला मात्र ‘मजेत आहे’ असंच कळवत होती.

मग आमच्या ह्यांना सुचलं. आमचं घराणं राजाच्या फौजेतलं, हे तुम्ही लग्नात चार वेळा ऐकलंच आहे. दसऱ्याआधी इथे हत्तींना तोफांजवळ उभं करून बार काढतात, मिरवणुकीत बिथरू नयेत म्हणून. हे म्हणाले, “एवढं मोठं जनावर दोनदा ऐकून गप उभं राहतंय. हिचे सुम्ने, उगीचच लाड करून ठेवलेत तुम्ही. एकदा ऐकवा, भीती मोडते.”

मी म्हटलं, “हत्तीचा नवरा नव्हता हो फोनवर.”

पण शरतलाही पटलं. आणि तिलाही बरं व्हायचंच होतं, ताई. आपणहून चपला घालून निघाली.

पहिल्याच बाराला ती किंचाळली. शरतने तिचा हात धरला होता. तरी त्याचंच नाव घेत ती गर्दीत त्याला शोधत सुटली. तो पुढ्यात जाऊन “अगं, मी इथे आहे” म्हणाला, तर त्याला बाजूला सारून पुढे गेली. हत्ती आपले शांत उभे होते.

इस्पितळात ठेवलं होतं, काल घरी आणलं. मनाचे डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारीतच आणायला हवी होती. गोळ्या चालू आहेत. वेळ लागेल म्हणतात, किती ते सांगत नाहीत. विजयादशमीच्या तोफा आमच्या घरापर्यंत ऐकू येतात, त्याआधी तिला गावाबाहेर न्या, असंही म्हणाले. ह्यांनी जेवण टाकलंय. मी त्यांच्याशी बोलत नाही.

आता जे टाळत होते ते लिहिते. नवरात्राची ओटी, हिरव्या बांगड्या, काही आणू नका. घेणार नाही ती. तिने मंगळसूत्र काढून देवापुढे ठेवलंय, कुंकू पुसलंय. शरत तिला भरवतो, औषध देतो, आणि ती त्याला म्हणते, “दादा, परक्यासाठी किती करता हो तुम्ही.” माझ्या गळ्यात पडून ती माझ्याच मुलासाठी रडते. तो दाराशी उभा राहून ऐकतो. मला हे बघवत नाही.

लवकर या. आल्या आल्या तिच्यासमोर जावयाला नावाने हाक मारा, त्याच्या तोंडावरून हात फिरवा. डॉक्टरांना विचारूनच सांगते आहे, या वेळी विचारलं. आमच्यावर तिचा विश्वास उरला नाही. आईवर कदाचित ठेवील.

शरत आहे, ताई.

त्याची आई,
सुमित्रा